गुणवत्तेचा पडदा आणि बेंगळुरूचे वर्गवास्तव

(बेंगळुरू येथील कामगार अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२४ च्या जुलै महिन्यात बेंगळुरूच्या मागडी रस्त्यावरील एका मॉलच्या दारात एक प्रसंग घडला. हावेरी जिल्ह्यातील एक वृद्ध शेतकरी आपल्या मुलासह चित्रपट पाहण्यास तेथे गेला होता. तिकिटे आधीच काढलेली होती. तरीही त्याने धोतर नेसले आहे, एवढ्याच कारणावरून दारावरील रक्षकाने त्याला आत सोडण्यास नकार दिला. प्रसंगाचे चित्रण लोकांसमोर आले, शेतकरी व कन्नड संघटनांनी निदर्शने केली, विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला आणि मॉल सात दिवस बंद ठेवण्याची घोषणा सरकारला करावी लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच शहरातील राजाजीनगर मेट्रो स्थानकावर असाच प्रकार झाला होता. डोक्यावर बोचके घेतलेल्या एका शेतकऱ्याला, कपडे मळके आहेत म्हणून, तिकीट असूनही अडविण्यात आले. सहप्रवाशांनी वाद घातला म्हणून त्याला गाडीत चढता आले. नंतर मेट्रो प्रशासनाने संबंधित सुरक्षा पर्यवेक्षकाला कामावरून कमी केले.

या दोन्ही प्रसंगांत विचार करण्याजोगी गोष्ट ही की, अडविणारा आणि अडविला जाणारा हे दोघेही कष्टकरीच होते. दारावर उभा असलेला रक्षक हा सामान्यतः कंत्राटदाराचा नोकर असतो. तो खेड्यातून शहरात आलेला असतो, आणि त्याच्या घरातील वडीलधारी मंडळीही धोतरच नेसत असतात. धोतर किंवा मळके कपडे म्हणजे दारिद्र्याची खूण, आणि दारिद्र्य म्हणजे अपराध, हे समीकरण त्याने स्वतः शोधून काढलेले नाही. कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे हे त्याला कोणी लेखी सांगितलेले नसेलही. पण ज्या इमारतीचे दार तो राखतो, त्या इमारतीचा सारा थाटच त्याला ते सांगत असतो. मग शिक्षा व्हावयाची तेव्हा ती दार राखणाऱ्यास होते, आणि समीकरण मात्र जसेच्या तसे राहते.

हे समीकरण आले कोठून, ते कोणाच्या हिताचे आहे आणि बेंगळुरूच्या प्रत्यक्ष इतिहासाशी त्याचा मेळ बसतो काय, हा आजचा विषय आहे.

अमेरिकन धर्मश्रद्धा

श्रीमंती हे गुणांचे फळ आणि गरिबी हे दोषांचे फळ, ही समजूत जगात जुनीच आहे. आपल्याकडे तिला पूर्वजन्मीच्या कर्माचा आधार देण्यात आला. परंतु आधुनिक भांडवलशाहीला शोभेल असे रूप तिला अमेरिकेत मिळाले. तेथे राजे नव्हते, वंशपरंपरागत सरदार नव्हते. तेव्हा ज्याच्याकडे धन आहे त्याने ते स्वतःच्या कर्तबगारीने मिळविले, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यातच काही उणीव आहे, असे मानणे सोपे झाले. ज्या देशाच्या कापसाची संपत्ती गुलामांच्या पाठीवरील वळांतून उभी राहिली, त्या देशात ही समजूत रुजावी, हा इतिहासाचा उपरोधच म्हणावा लागेल.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने १८८९ मध्ये संपत्तीविषयी एक गाजलेला लेख लिहिला. धनिक हा समाजाच्या संपत्तीचा विश्वस्त असून त्याने ती हयातीतच लोककल्याणासाठी खर्च करावी. परंतु अपात्र गरिबांना सरसकट दान देणे घातक आहे, असा त्याचा आशय होता. पुढे तीनच वर्षांनी, जुलै १८९२ मध्ये, त्याच्याच होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात टाळेबंदी झाली. कामगारांना हटविण्यासाठी पिंकर्टन कंपनीचे सशस्त्र रक्षक नदीतून तराफ्यांवर आणण्यात आले. गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसे मेली, पाठोपाठ राज्याचे सैन्य आले आणि कामगार संघटना मोडून काढण्यात आली. ग्रंथालयांना देणग्या देणारा हात आणि मजुरी कापणारा हात एकाच माणसाचे होते. जे वेतन म्हणून हक्काने द्यावयाचे ते द्यावयाचे नाही, आणि त्याच पैशातून दान केले की जगाने धन्य म्हणावयाचे, ही या श्रद्धेची रीत आहे.

ही श्रद्धा विसाव्या शतकातही मंदावली नाही. १९७६ च्या अध्यक्षीय उमेदवारीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी सरकारी मदत लुबाडणाऱ्या शिकागोच्या एका स्त्रीची कथा गावोगावी सांगितली. एका व्यक्तीच्या लबाडीवरून मदत घेणाऱ्या लाखो मातांवर, विशेषतः कृष्णवर्णीय मातांवर, संशयाची मुद्रा उमटविण्यात आली. १९९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने जो कायदा झाला, त्याने गरीब कुटुंबांना केंद्रीय निधीतून मिळणाऱ्या रोख मदतीवर आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा घातली. मात्र २००८ च्या ऑक्टोबरमध्ये बँका स्वतःच्या सट्टेबाजीने कोसळू लागल्या, तेव्हा त्यांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलर्सची तरतूद मंजूर करण्यात आली. बँकांच्या संचालकांत चारित्र्याचा काही दोष आहे काय, असे त्या वेळी कोणी विचारले नाही. जुलै २००९ मध्ये केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर ठरले, आणि पुढे पंधरा वर्षे उलटून गेली तरी त्या आकड्यात एका सेंटचीही भर पडली नाही.

परंतु अमेरिकेचे एवढेच चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ मध्ये शिकागोच्या कामगारांनी दिलेल्या लढ्यातूनच मे दिन जगाला मिळाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. तेव्हा अमेरिका दोन आहेत. भारतातील धनिक वर्गाने आयात केली ती कार्नेगीची.

बेंगळुरू कोणी उभारले?

आज बेंगळुरूचे नाव निघाले की काही ठराविक कथा सांगितल्या जातात. काही मोजके बुद्धिमान तरुण एकत्र आले, दहा हजार रुपयांचे भांडवल जमविले आणि त्यातून अब्जावधींची कंपनी उभी राहिली, ही इन्फोसिसची कथा शाळेतील मुलांनाही पाठ आहे. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १९८३ मध्ये बेंगळुरूला आली. कथा खोटी नाही. ती अर्धी आहे. ही कंपनी बेंगळुरूलाच का आली, आणि येथे आल्यावर तिला जे तयार मिळाले ते कोणाच्या पैशातून निर्माण झाले होते, हा उरलेला अर्धा भाग होय.

तो भाग फार मागे जातो. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये वीज निघाली ती प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे. तेथे प्रामुख्याने दलित तमिळ मजूर जमिनीखाली खोलवर उतरून इंग्रज कंपनीसाठी सोने काढीत होते. १९०५ मध्ये त्याच विजेचे दिवे बेंगळुरूच्या रस्त्यांवर लागले. १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली, ती जमशेटजी टाटांच्या देणगीइतकीच म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीच्या आधारावर. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी विमानांचा कारखाना काढला तोही म्हैसूर सरकारच्या भागीदारीने, आणि १९४२ मध्ये तो सरकारच्या ताब्यात गेला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये टेलिफोनचा कारखाना आय. टी. आय., १९५३ मध्ये एच. एम. टी., १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स, असे एकामागून एक सार्वजनिक उद्योग येथे उभे राहिले. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ बांधला गेला तो पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडांमध्ये, आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने तो अवकाशात नेला.

या कारखान्यांनी केवळ यंत्रे व घड्याळे निर्माण केली नाहीत. त्यांनी कुशल मनुष्यबळ घडविले. त्यांच्या वसाहती, शाळा, रुग्णालये आणि प्रशिक्षण केंद्रे यांतून कामगारांची एक पिढी घडली, आणि तिच्या मुलांनी अभियांत्रिकी महाविद्यालये भरली. दक्षिणेकडील इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली ती राज्य सरकारच्या केऑनिक्स महामंडळाने. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी येथे आली ती हे तयार मनुष्यबळ पाहून. सॉफ्टवेअर पार्कमधील घटकांच्या निर्यातीवरील नफ्याला आयकरातून मिळालेली सूट ३१ मार्च २०११ पर्यंत चालू होती. म्हणजे भूमी जनतेची, वीज जनतेची, शिक्षण जनतेच्या पैशातून, करमाफी जनतेच्या तिजोरीतून. आणि निष्पन्न संपत्ती मात्र ‘गुणवत्तेची’! सामाजिक श्रमाचे फळ खासगी मालकीत कसे जाते, हे समजण्यासाठी जाड ग्रंथांची पाने उलटण्याची गरज नाही. होसूर रस्त्यावरून एक फेरफटका मारला तरी पुरे.

लाडावलेला कामगार?

ज्या कामगारांनी हे शहर घडविले त्यांच्याविषयी मध्यमवर्गात एक समज पद्धतशीरपणे पसरविण्यात आला. सार्वजनिक क्षेत्रातील कामगार म्हणजे गरिबीच्या सागरातील उच्च वेतनाच्या बेटावर राहणारा, सुखवस्तू व लाडावलेला माणूस, असे सांगितले जाई. डिसेंबर १९८० च्या अखेरीस हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, आय. टी. आय., एच. एम. टी. आणि भारत अर्थ मूव्हर्स या पाच उद्योगांचे कामगार एकत्रितपणे संपावर गेले. भारत हेवी इलेक्ट्रिकल्समधील कामगारांच्या बरोबरीचे वेतन ही त्यांची प्रमुख मागणी होती. निरनिराळ्या झेंड्यांखालील संघटना एका आघाडीत आल्या आणि संप ७७ दिवस चालला. मार्च १९८१ मध्ये मुख्य मागणी पदरात न पडताच कामगार कामावर परतले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष रेगन यांनी विमान वाहतूक नियंत्रकांचा संप मोडून अकरा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याची परिणती काय झाली हे मराठी वाचकास सांगावयास नको. बेंगळुरू, वॉशिंग्टन आणि मुंबई यांच्यात सूत्र बांधणारा कोणी गुप्त कारस्थानी नव्हता. परंतु तिन्ही ठिकाणी संघटित कामगाराला समाजाचा ‘लाडावलेला’ शत्रू ठरविणारा विचार एकच होता. अमेरिकेत १९५० च्या दशकात सुमारे एक-तृतीयांश कामगार संघटित होते. आज ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले आहे. संघटना गेली की गुणवत्तेचे गोडवे वाढतात, कारण मजुरीविषयी सौदा करण्यास दुसरे कोणी उरलेले नसते.

गिरणीच्या जागी मॉल

मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला, तसेच बेंगळुरूतही झाले. मल्लेश्वरमजवळ जेथे राजा मिल होती, तेथे आज मॉल आहे, आणि मेट्रो स्थानकाच्या नावात मॉलचे नाव आले आहे, गिरणीचे नाही. किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या जुन्या कारखान्याच्या भूमीवरही मॉल, हॉटेल आणि उंच निवासी इमारती झाल्या. मिनर्व्हा मिल हे नाव तर घटनेच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा १९८० चा निर्णय या बेंगळुरूच्या गिरणीच्या नावाने ओळखला जातो. निर्णय ग्रंथात अमर झाला. गिरणीत राबलेल्यांचे पुढे काय झाले, हे त्या ग्रंथात सापडत नाही.

भूमीच्या प्रश्नात वर्गदृष्टी किती उघडी पडते, याची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत. ईजीपुरा येथे महापालिकेने आर्थिक दुर्बल घटकांसाठी सुमारे दीड हजार घरे बांधली होती. बांधकाम इतके निकृष्ट होते की काही वर्षांतच इमारती मोडकळीस आल्या आणि रहिवासी पत्र्यांच्या शेडांत राहू लागले. पुढे त्या भूमीच्या विकासासाठी खासगी विकासकाशी करार झाला व त्यात मोठे व्यापारी संकुल योजिले गेले. जानेवारी २०१३ मध्ये पोलीस बंदोबस्तात बुलडोझर आले आणि हजारो माणसे थंडीत पदपथावर आली. सार्वजनिक भूमी, सार्वजनिक घरे, परंतु त्यांतील माणसे ‘अतिक्रमण करणारी’ ठरली.

दुसरे उदाहरण सप्टेंबर २०२२ च्या पुराचे. बाह्य वळण रस्ता, यमलूर आणि आसपासच्या भागात पाणी भरले, कोट्यवधींच्या मोटारी बुडाल्या आणि आलिशान बंगल्यांतील रहिवाशांना ट्रॅक्टर व होड्यांतून बाहेर काढावे लागले. तलाव बुजवून आणि राजकालुवे म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे जुने कालवे अडवून जी बांधकामे झाली, त्यांचा हा परिणाम होता. आणि महापालिकेच्या अतिक्रमणांच्या यादीत नामांकित संकुलांचाही उल्लेख होता. त्या भागातील कंपन्यांच्या संघटनेने ३० ऑगस्टच्या एका दिवसातील नुकसान २२५ कोटी रुपयांचे असल्याचे मुख्यमंत्र्यांना कळविले. त्याच पाण्यात झोपड्यांतील मजुरांची भांडी, अंथरुणे आणि शिधापत्रिका वाहून गेल्या. त्यांची किंमत कोट्यवधींत भरत नाही, म्हणून ती मोजण्याचे कोणाच्या मनात आले नाही. झोपडी उभी राहिली तर ते अतिक्रमण आणि संकुल उभे राहिले तर तो विकास, ही भाषा कायद्याची नव्हे, वर्गाची आहे.

ज्यांच्यावाचून चालत नाही

दारिद्र्य आळसातून येते, या म्हणण्याचे उत्तर बेंगळुरूच्या कपड्याच्या कारखान्यांतील स्त्रियांनी दिले आहे. येथील तयार कपड्यांच्या उद्योगात लाखो कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्या स्त्रियांची. पहाटे स्वयंपाक उरकून, डबा भरून त्या शिलाई यंत्रावर बसतात, आणि तासाला किती नग झाले याचा हिशेब पर्यवेक्षक डोक्यावर उभा राहून घेतो. त्यांनी शिवलेला कपडा अमेरिका व युरोपच्या दुकानांत विकला जातो. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीचा नियम बदलला आणि मालकाच्या हिश्श्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असे ठरविले. ज्यांना कारखानदार पस्तिशी-चाळिशीनंतर कामावर ठेवण्यास नाखूश असतो, मुलीचे लग्न, मुलाची फी व सावकाराचे कर्ज ज्या या रकमेतूनच भागवितात, त्यांच्यासाठी हा घाला होता. १८ एप्रिल रोजी हजारो स्त्रिया कारखान्यांतून बाहेर पडल्या आणि होसूर रस्ता अडवून बसल्या. दुसऱ्या दिवशी आंदोलन पीण्या, जालहळ्ळी, तुमकूर रस्ता या भागांत पसरले. लाठ्या चालल्या, बसगाड्या जळाल्या. कोणत्याही मोठ्या संघटनेचा आदेश नसताना उठलेल्या या स्त्रियांपुढे १९ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने नियम मागे घेतला. ज्या पीण्यातून बांधलेला आर्यभट ४१ वर्षांपूर्वी याच तारखेला अवकाशात गेला, तेथील स्त्रियांचा हा विजय. परंतु शहराच्या गौरवकथेत उपग्रहाला जागा आहे, त्यांना नाही.

गरीब माणूस कष्ट टाळतो म्हणून गरीब नसतो. त्याच्या कष्टांची गरज असते, म्हणूनच त्याला गरीब ठेवले जाते. हे मे २०२० मध्ये जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच झाले असेल. टाळेबंदीत काम गेले, मजुरी थकली, आणि उत्तर भारतातील मजूर गावी जाऊ इच्छीत होते. त्यांच्यासाठी विशेष गाड्या ठरल्या होत्या. बांधकाम व्यावसायिकांसोबत मुख्यमंत्र्यांची बैठक झाली आणि त्यापाठोपाठ राज्य सरकारने रेल्वेला त्या गाड्या रद्द करण्याची विनंती केली. मजूर गेले तर बांधकामे थांबतील, हा त्यामागचा हिशेब होता. देशभर टीका झाल्यावर दोनच दिवसांत सरकारला निर्णय फिरवावा लागला. ज्यांना एरवी ‘शहरावरील भार’ म्हटले जाते, त्यांना शहर सोडू देण्याची वेळ येताच मात्र दारे बंद करण्यात आली!

जातीचे कुंपण

अमेरिकेत वर्गाला वंशाचे कुंपण आहे, तद्वत आपल्याकडे जातीचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास गेले. पुढे १९३६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी करते आणि त्यांना एकावर एक रचते. बेंगळुरूचे रस्ते झाडणारे पौरकार्मिक बहुतांशी दलित आहेत व त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांची आई झाडत होती, त्याही झाडतात. याला गुणवत्तेचा निकाल म्हणावयाचे काय? वर्षानुवर्षे ते कंत्राटदाराच्या तावडीत होते. जुलै २०२२ मध्ये राज्यभरातील पौरकार्मिक कायम नोकरीच्या मागणीसाठी संपावर गेले, चार दिवसांत शहरात कचऱ्याचे ढीग साचले आणि सरकारला नियमितीकरणाचे आश्वासन द्यावे लागले. त्यानंतरच हजारोंच्या हाती कायम नेमणुकीचे आदेश पडू लागले. दया मागून जे अनेक वर्षांत मिळाले नाही, ते चार दिवस काम थांबविल्याने मिळाले.

जात समुद्रापार जाते, तसा तिच्याविरुद्धचा लढाही जातो. पुण्यात जन्मलेल्या व मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत २०१३ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल नगरपरिषदेवर समाजवादी म्हणून निवडून आल्या. तासाला १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा तेथे २०१४ मध्ये झाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. तेथील भारतीय अभियंत्यांच्या सुखवस्तू वसाहतींतूनच या बंदीला विरोधही झाला. गुणवत्तेवर श्रद्धा असणाऱ्यांना जातीचा उल्लेख का बोचावा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

संगणकापुढील कामगार

अखेरीस, ज्यांना या गुणवत्तेच्या श्रद्धेचे खरे लाभार्थी मानले जाते, त्या सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांचे काय? त्यांचा पगार मोठा आहे, हे खरे. परंतु श्रमशक्ती विकल्यावाचून ज्याचा महिना निघत नाही, तो कामगारच होय. मग त्याच्या गळ्यातील ओळखपत्राची दोरी कितीही रंगीत असो. औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायद्यातून या उद्योगाला कर्नाटकात वारंवार सूट देण्यात आली, आणि २०२४ मध्ये ती आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्यास ७० तास काम करावे असा सल्ला दिला. जुलै २०२४ मध्ये कामाचा दिवस १४ तासांपर्यंत वाढविण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा कर्नाटकातील आय. टी. कर्मचाऱ्यांच्या संघटनेने रस्त्यावर उतरून त्याला विरोध केला. शिकागोच्या कामगारांनी १८८६ मध्ये मागितलेले आठ तास १३८ वर्षांनंतर वातानुकूलित कचेरीत पुन्हा मागावे लागले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसाअर्जावर एक लाख डॉलर्सचे शुल्क लादले, तेव्हा गुणवत्तेला सीमा नसते हे सुभाषितही विरून गेले. भांडवलाला सीमा नसते. श्रमाला कुंपण, शुल्क आणि पहारा असतो.

याच शहरात त्या कर्मचाऱ्याच्या दारी जेवणाचा डबा पोचविणारा तरुण कामगार मानला जात नाही. कंपनी त्याला ‘भागीदार’ म्हणते. त्याच्या पाठीशी काही आधार असावा म्हणून २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला कल्याण निधीचा कायदा करावा लागला. तो अपुरा असेल. परंतु भागीदार म्हणविला जाणारा हा माणूस वस्तुतः कामगार आहे आणि त्याच्या श्रमावर कंपनीने काही देणे लागते, एवढे त्याने मान्य केले आहे. हेही आपोआप घडले नाही. दुचाकीवर हिंडणाऱ्या, एकमेकांस न ओळखणाऱ्या तरुणांनी संघटना बांधल्या, म्हणून घडले.

मित्रहो, येथे पुन्हा मागडी रस्त्यावरील त्या दाराकडे यावयाचे आहे. त्या दारात तीन माणसे होती. एक धान्य पिकविणारा, एक त्याचा शहराशी संबंध आलेला मुलगा आणि एक दार राखणारा. इमारतीचा मालक तेथे नव्हता. त्याला तेथे असण्याचे कारणही नव्हते, कारण त्याचे काम त्या रक्षकाच्या मनात बसलेली समजूत करीत होती. ती समजूत कायद्याने किंवा सात दिवसांच्या टाळ्याने निघत नाही. धोतर नेसणारा, झाडू धरणारा, शिलाई यंत्रावर बसणारी आणि संगणकापुढे रात्र जागविणारा हे सारे ज्या दिवशी एकमेकांना ओळखतील, त्या दिवशी ती निघू लागेल. ज्या रक्षकाला आपल्या बापाला दारात अडविण्याचा पगार मिळतो, त्याचा पगार, त्याचे कामाचे तास आणि त्याची कायम नोकरी हाही त्या शेतकऱ्याच्या सन्मानाइतकाच लढ्याचा विषय आहे. दोन्ही मागण्या एकाच पत्रकात लिहिल्या जाव्यात, हेच आजच्या विवेचनाचे तात्पर्य.